ब्रेक दाबला की सायकल थरथरते? डिस्क ब्रेकचा दोष घरच्या घरी असा शोधा

डहाणू / तलासरी : गिअरच्या, जाड टायरच्या, डिस्क ब्रेकवाल्या सायकली आता आपल्या गावापाड्यांतही दिसतात. कुणी शाळा-कॉलेजला नेतो, कुणी कामावर, तर कुणी सकाळी डहाणू ते बोर्डी किनाऱ्याच्या रस्त्याने फेरी मारतो. सायकल नवी असते तोवर ब्रेक मस्त लागतो. एखादा पावसाळा गेला की तक्रार सुरू होते. ब्रेक दाबला की हँडल थरथरतं, पुढचा चिमटा हलतो, कधी चाकातून असा आवाज येतो की रस्त्यावरची माणसं वळून बघतात.

अशा वेळी बरेच जण एक चूक करतात. आवाज येतोय म्हणून डिस्कवर तेल सोडतात. आवाज थांबतो, पण त्याबरोबर ब्रेकही जातो. पुढच्या उतारावर लिव्हर दाबला तरी सायकल थांबत नाही. म्हणून पुढचं सगळं वाचण्याआधी एवढं लक्षात ठेवा : डिस्क ब्रेकला तेल कधीच लावायचं नाही. ना खोबरेल, ना इंजिन ऑइल, ना गंज काढायचा स्प्रे.

थरथर हा मूळ आजार नाही, ते लक्षण आहे. बहुतेक वेळा कारण साधं असतं, काहीतरी ढिलं, काहीतरी मळलेलं किंवा काहीतरी वाकलेलं. त्यामुळे तपासणीचा क्रम असा ठेवा : आधी घट्ट करा, मग साफ करा, मग सरळ करा आणि शेवटी नवीन पार्ट घ्या. या क्रमाने गेलात तर पहिल्या दोन पायऱ्यांना जवळपास काहीच खर्च येत नाही.

थरथर नेमकी कशी आहे ते ओळखा

मोकळ्या सपाट जागेत सायकल हळू चालवा. आधी फक्त पुढचा ब्रेक हलका दाबा, मग फक्त मागचा. कोणत्या चाकाला त्रास आहे ते लगेच कळेल. आता लक्षण बघा.

* चाकाच्या प्रत्येक फेरीला एकदा धक्का बसतो : डिस्क प्लेट वाकली आहे, तिचे बोल्ट ढिले आहेत किंवा ती एका जागी जास्त झिजली आहे.
* ब्रेक धरला की सलग थरथर, हँडलपर्यंत जाणवते : कॅलिपर, हँडलचा कप-कोन किंवा चाकाचं बेअरिंग ढिलं आहे. पॅडला तेलकटपणा लागला असेल तरी असं होतं.
* कर्कश किंचाळी : पॅड तेलकट झालं आहे किंवा काचेसारखं गुळगुळीत झालं आहे.
* ब्रेक न दाबताही शिर्र-शिर्र घासल्याचा आवाज : कॅलिपर मधोमध नाही किंवा प्लेट थोडी वाकडी आहे.
* ब्रेक दाबताच एकच ‘टक्’ : काहीतरी ढिलं आहे. पॅड कॅलिपरमध्ये किंचित हलतं, त्याचा अगदी बारीक ‘टिक’ आला तर काळजी नको.

पाऊस किंवा दव पडल्यावर पहिले तीन-चार ब्रेक ओरडतात आणि मग गप्प होतात. प्लेटवरचं पाणी पुसलं गेलं की आवाज जातो. तो दोष नाही.

थरथर होते तरी का?

लाकडी बाक फरशीवर ओढून बघा. तो सरळ सरकत नाही. अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो आणि किर्र आवाज येतो. पॅड आणि प्लेट यांच्यात हेच होतं. पॅड प्लेटला क्षणभर पकडतं आणि सोडतं, हे सेकंदाला शेकडो वेळा चालतं. सगळे भाग घट्ट असतील तर हा कंप तिथेच जिरतो. एखादा बोल्ट ढिला असला की तोच कंप चिमट्यात, हँडलमध्ये आणि आपल्या हातात येतो.

ही तक्रार डिस्क ब्रेकच्या जन्मापासूनची आहे. इंग्लंडचे इंजिनिअर फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ साली मोटारीच्या डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं. त्यात धातूच्या चकतीवर तांब्याचे तुकडे घासायचे आणि आवाज असह्य व्हायचा. पुढे घासणाऱ्या भागाला वेगळं अस्तर लावल्यावर तो कमी झाला. म्हणून आजही पॅडचा घासणारा थर कसा आहे, स्वच्छ आहे का, यावर बरंच अवलंबून असतं.

काय काय लागेल?

एलन कीचा सेट (४, ५ आणि ६ नंबर), ताऱ्याच्या तोंडाचा टी-२५ पाना, १५ नंबरचा पाना, एक छोटा अॅडजस्टेबल पाना, स्वच्छ सुती कापड, बारीक पॉलिश पेपर आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल. हे अल्कोहोल मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात वापरतात, मेडिकलमध्येही विचारून बघा. नाही मिळालं तर भांड्याचा साबण आणि गरम पाणी चालेल. हाताचं सॅनिटायझर वापरू नका. त्यात बहुतेक वेळा ग्लिसरीन असतं आणि त्याचा चिकट थर प्लेटवर राहतो. पेट्रोल, रॉकेल, डिझेल तर अजिबात नको. ते तेलकटपणा मागे ठेवतात आणि पेटण्याचा धोका वेगळाच.

चालवून आल्या आल्या प्लेटला हात लावू नका. उतारावरून आल्यावर ती चटका देण्याइतकी तापते. फिरत्या प्लेटजवळ बोट नेऊ नका, लहान मुलांनाही लांब ठेवा.

पायरी १ : घट्ट करा

चाक : सायकल जमिनीवर उभी ठेवा. एक्सलचे नट किंवा क्विक रिलीज सैल करा, सीटवर किंवा हँडलवर जोर देऊन चाक खाचेत पूर्ण बसू द्या आणि पुन्हा आवळा. सायकल आडवी किंवा उलटी करून चाक आवळलं तर ते तिरकं बसू शकतं. क्विक रिलीजचा लिव्हर बंद करताना तळहातावर त्याची खूण उठेल इतका जोर लागला पाहिजे. पुढच्या चाकाचा हा लिव्हर डिस्क प्लेटच्या विरुद्ध बाजूला ठेवा.

डिस्क प्लेटचे बोल्ट : बहुतेक प्लेटा सहा बोल्टनी हबला बसवलेल्या असतात. एक आवळल्यावर शेजारचा नाही, समोरचा आवळा. याने प्लेट सपाट बसते. फार जोर केला तर अॅल्युमिनियमच्या हबचे आटे जातात आणि मग हब बदलायची पाळी येते. प्लेटवर बाण असेल तर तो चाक पुढे फिरतं त्याच दिशेला हवा.

कॅलिपरचे दोन बोल्ट : कॅलिपर चिमट्याला दोन बोल्टनी धरलेला असतो. खराब रस्त्यावर हे हळूहळू सुटतात. दोन्ही तपासा. मध्ये पट्टी म्हणजे अॅडॉप्टर असेल तर त्याचेही बोल्ट बघा.

हँडलचा कप-कोन : पुढचा ब्रेक घट्ट धरा आणि सायकल पुढे-मागे हलवा. दुसऱ्या हाताचं बोट हँडलखाली, फ्रेम आणि चिमटा जिथे मिळतात तिथे ठेवा. बोटाला हालचाल जाणवली तर कप-कोन ढिला आहे. पुढच्या थरथरीचं हे मोठं कारण असतं आणि ब्रेककडे बघत बसलं की ते सुटून जातं.

चाकाचं बेअरिंग : सायकल उचलून चाकाची रिम धरा आणि डावी-उजवीकडे हलवा. हललं तर कोन आवळावा लागेल. ते काम मेकॅनिककडून करून घेतलेलं बरं. फार आवळलं तर छर्रे खराब होतात. तारा ढिल्या असल्या तर त्याही त्याच वेळी आवळून घ्या.

आता पुन्हा चालवून बघा. पुष्कळदा काम इथेच होतं.

पायरी २ : साफ करा

चाक काढा. ब्रेक तेलाचा म्हणजे हायड्रॉलिक असेल तर चाक बाहेर असताना लिव्हर दाबू नका. पॅड एकमेकांना चिकटतात आणि मग चाक बसत नाही. पॅडच्या मध्ये जाड पुठ्ठा घालून ठेवा.

कापडावर अल्कोहोल घेऊन प्लेट दोन्ही बाजूंनी पुसा. कापड काळं येईल. जागा बदलत पुसत राहा, कापड स्वच्छ येईपर्यंत. नंतर घासणाऱ्या भागाला बोट लावू नका. हाताचा घामही तेलकट असतो.

पॅड बाहेर काढा. ते पिनेने किंवा स्प्रिंगने बसवलेले असतात. काढण्याआधी मोबाईलवर फोटो काढून ठेवा म्हणजे परत बसवताना गोंधळ होणार नाही. आता पॅडचा पृष्ठभाग बघा.

* चकचकीत, काचेसारखा : फरशीवर पॉलिश पेपर ठेवून त्यावर पॅड गोल-गोल हलक्या हाताने घासा. चकाकी जाऊन सारखा मॅट रंग आला की थांबा. नाकाला रुमाल बांधा, धूळ फुंकू नका, ओल्या कापडाने टिपा.
* काळपट, ओला, तेलाचा वास : तेल आत मुरलं आहे. घासून थोडे दिवस बरं वाटेल, पण ते पुन्हा वर येतं. असं पॅड बदलायचंच. गॅसवर भाजून तेल जाळण्याच्या भानगडीत पडू नका. विषारी धूर होतो आणि थर सुटून पडतो.

पायरी ३ : कॅलिपर मधोमध आणा

दोन्ही बाजूंचे पॅड हलतात असा ब्रेक असेल तर कॅलिपरचे दोन बोल्ट थोडे ढिले करा. चाक फिरवून ब्रेक घट्ट दाबा आणि दाबूनच ठेवा. तसंच धरून दोन्ही बोल्ट थोडे-थोडे, आलटून-पालटून आवळा. एकच बोल्ट एकदम आवळला तर कॅलिपर फिरतो. दुसरा माणूस लिव्हर धरायला असेल तर सोपं जातं.

स्वस्त सायकलींवर वायरचा ब्रेक असतो आणि त्यात बऱ्याचदा फक्त बाहेरचं पॅड हलतं. आतलं, म्हणजे स्पोकच्या बाजूचं, स्थिर असतं. तिथे आधी आतल्या बाजूच्या एलन स्क्रूने स्थिर पॅड प्लेटच्या अगदी जवळ आणा. मध्ये एक पोस्टकार्ड जाईल एवढीच फट हवी. मग बाहेरचं पॅड वायरच्या अॅडजस्टरने जवळ घ्या. आतलं पॅड लांब राहिलं तर दर वेळी ब्रेक दाबताना बाहेरचं पॅड प्लेटला ढकलून वाकवतं. तीच थरथर आणि त्यातूनच पुढे प्लेट वाकडी होते. वायर गंजली किंवा तिचे धागे सुटले असतील तर ती आधी बदला.

पायरी ४ : प्लेट सरळ करा

चाक उचलून हळू फिरवा. मागे पांढरा कागद धरा आणि पॅड व प्लेट यांच्यातली फट बघा. फट एका जागी बारीक होत असेल तर तिथे खडूने खूण करा. प्लेट थंड असताना, स्वच्छ कापड गुंडाळलेल्या अॅडजस्टेबल पान्याने ती जागा किंचित विरुद्ध बाजूला ढकला. एका झटक्यात नाही. थोडं वाकवा, फिरवून बघा, पुन्हा थोडं. पान्याला तेल असेल तर आधी पुसा. प्लेट आठाच्या आकड्यासारखी वाकली असेल, तडा असेल किंवा जळून निळी पडली असेल तर सरळ करण्यात वेळ घालवू नका, बदला.

पायरी ५ : नवीन पार्ट कधी?

पॅडचा घासणारा थर अर्धा मिलिमीटर उरला की ते संपलं. पण आपल्याकडच्या चिखलात पॅड भराभर झिजतात, म्हणून एक मिलिमीटरवर आलं की नवीन घेऊन ठेवा. थर संपून लोखंड लोखंडाला घासलं तर प्लेटही जाते.

नवी प्लेट साधारण १.८ मिलिमीटर जाड असते. बऱ्याच प्लेटांची कमीत कमी जाडी १.५ मिलिमीटर असते आणि ती प्लेटवरच कोरलेली असते. मोजायला लेथवाल्याकडे किंवा गॅरेजमध्ये व्हर्नियर मिळेल. दुकानात जाताना जुनं पॅड सोबत न्या, कारण आकार शेकडो आहेत. प्लेट घेताना तिचा व्यास सांगा, बहुतेक सायकलींना १६० मिलिमीटर असतो, काहींना १८०.

रेझिनचं पॅड आवाज कमी करतं, पण चिखलात लवकर झिजतं. धातूमिश्रित पॅड जास्त टिकतं, पण आवाज जास्त करतं. तुमच्या प्लेटवर ‘फक्त रेझिन पॅड’ असं लिहिलं असेल तर धातूचं लावू नका.

नवीन पॅड ‘बसवायला’ विसरू नका

नवीन पॅड लावून थेट उतारावर गेलात तर ब्रेक कमी लागेल आणि थरथर परत येईल. मोकळ्या सपाट रस्त्यावर सायकल बऱ्यापैकी वेगात न्या आणि पुढचा ब्रेक सावकाश दाबत चालण्याच्या वेगापर्यंत आणा. पूर्ण थांबू नका. असं वीसेक वेळा करा. मग मागच्या ब्रेकला वीसेक वेळा. पॅडचा पातळ, सारखा थर प्लेटवर चढतो आणि पकड येते. महामार्गावर हा प्रयोग करू नका.

आपल्या भागात काय जपायचं?

किनारपट्टी : नरपड, चिखले, घोलवड, बोर्डी, झाई इथली हवा खारी. बोल्ट गंजतात, वायर अडकते. वाळूत सायकल नेली तर घरी येऊन गोड्या पाण्याने धुवा आणि कोरडी पुसा. पाण्याचा जोराचा फवारा हबवर मारू नका, आतलं ग्रीस निघून जातं.

डोंगरपट्टी : कासा, सायवन, उधवा भागात पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात मुरुमाची धूळ. चिखल लागलेला असताना ब्रेक दाबत राहिलात तर तो पॉलिश पेपरसारखा प्लेट खातो. बाटलीतलं साधं पाणी ओतून चिखल काढा. कासाहून जव्हारकडच्या घाटात उतरताना ब्रेक सलग धरून ठेवू नका. दाबा, सोडा, दाबा, दोन्ही ब्रेक मिळून वापरा. सलग धरलं की प्लेट तापते, पॅड गुळगुळीत होतं, पकड कमी होते. लिव्हर मऊ लागला किंवा जळका वास आला तर थांबा आणि प्लेट थंड होऊ द्या.

वाडी आणि शेत : चिकूच्या वाडीत फवारणीपंप, डिझेल इंजिन, तेलाचे डबे यांच्याजवळ सायकल लावू नका. चेनला तेल घालताना मागच्या प्लेटवर प्लॅस्टिकची पिशवी चढवा. स्प्रेने तेल मारू नका, थेंबाथेंबाने घाला. कॅरिअरवर क्रेट किंवा मागे माणूस बसवला तर ब्रेकवरचा भार वाढतो. कॅरिअरचा पाय कॅलिपरला किंवा वायरला टेकत नाही ना, तेही बघा.

हे स्वतः करू नका

हायड्रॉलिक ब्रेकचा लिव्हर हँडलपर्यंत जात असेल किंवा कॅलिपरजवळ ओल दिसत असेल तर ते मेकॅनिकचं काम. त्यात काहींना मिनरल ऑइल लागतं, काहींना डॉट फ्लुइड. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतले रबर फुगतात आणि ब्रेक निकामी होतो. कोणतं लागतं ते लिव्हरवर लिहिलेलं असतं. चिमट्याला तडा दिसला तर सायकल चालवूच नका.

मोटारसायकलच्या डिस्क ब्रेकलाही अशीच थरथर येते. कारणं साधारण तीच, पण वेग आणि वजन कितीतरी जास्त. तिथे प्लेट ठोकून सरळ करणं, पॅड घासून परत लावणं हे प्रकार नकोत. गॅरेजला दाखवा.

निघण्याआधी अर्धा मिनिट

चारोटी, तलासरी, अच्छाड भागात मुंबई-अहमदाबाद महामार्ग ४८ ओलांडून रोज जाणाऱ्यांनी आणि पोरांना सायकल देणाऱ्या आईवडिलांनी एवढी सवय लावावी :

१. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे ढकला, चाक फिरता कामा नये. मागच्या ब्रेकचंही तसंच.
२. ब्रेक धरून पुढे-मागे हलवा, ‘टक्’ येतो का ऐका.
३. दोन्ही चाकं हाताने हलवा, ढिली आहेत का बघा.
४. लिव्हर हँडलला टेकत नाही ना, बघा.

यातली एक जरी गोष्ट बरोबर नसेल तर त्या दिवशी सायकल घरी ठेवा, बस किंवा रिक्षाने जा. ब्रेकचा आवाज त्रासदायक असतो खरा, पण तो वेळेवर दिलेला इशारा असतो. तो तेलाने दाबू नका, कारण शोधा.